अंधबिंदूची कड: सरकत्या ठिपक्याच्या चाचणीच्या प्रकल्प नोंदी

४ मे २०२४

काम ठरलं. साध्या २४ इंची मॉनिटरवर सरकता ठिपका दाखवून अंधबिंदूची कड आखायची आणि मापातली चूक एका अंशाच्या आत आणायची.

सुरुवात अंधबिंदूपासूनच, कारण तो प्रत्येक निरोगी डोळ्यात असतो आणि त्याची जागा, माप आधीच माहीत आहे. डोळ्याची नस डोळ्याच्या आतल्या पडद्यातून जिथे बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. दृष्टिक्षेत्रात हा खड्डा नजरेच्या बिंदूपासून कानशिलाच्या बाजूला साधारण १५.५ अंशांवर आणि आडव्या रेषेच्या १.५ अंश खाली येतो. रुंदी सुमारे ५.५ अंश, उंची सुमारे ७.५ अंश. व्यक्तीगणिक अंशभर इकडेतिकडे. तराजू पारखायला प्रमाणित वजन लागतं, तसं हे आपलं वजन. ज्या चाचणीला निरोगी डोळ्याचा अंधबिंदू नीट आखता येत नाही, तिने दाखवलेल्या दुसऱ्या कुठल्याही डागावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

दवाखान्यात आज 'फील्ड टेस्ट' (दृष्टिक्षेत्राची तपासणी) म्हणजे बहुधा स्थिर ठिपक्यांची चाचणी. काचबिंदूसाठी सर्रास वापरला जाणारा २४-२ नमुना ५४ जागा तपासतो आणि शेजारच्या दोन जागांत ६ अंशांचं अंतर असतं. साडेपाच अंश रुंदीच्या खड्ड्याच्या आसपास त्यातल्या जेमतेम दोन पडतात, आडवे आणि उभे अंश धरून (१५, +३) आणि (१५, −३). खड्डा आहे एवढं कळतं, त्याची कड कळत नाही. कड शोधायला ठिपका न दिसणाऱ्या भागातून दिसणाऱ्या भागात सरकवावा लागतो. या पद्धतीला नेत्रतज्ज्ञ हान्स गोल्डमान यांनी १९४५ मध्ये बर्नमध्ये पक्कं रूप दिलं: ३० सेंमी त्रिज्येचा पांढरा अर्धगोल, ठरलेला उजेड, ठरलेल्या आकाराचे ठिपके. आपल्याकडे अर्धगोल नाही, सपाट पडदा आहे. पुढची निम्मी मेहनत या फरकापायीच होणार.

७ मे

भूमिती. मॉनिटर १९२० × १०८०, उजेडाचा भाग ५३१ × २९९ मिमी, एक पिक्सेल ०.२७७ मिमी. डोळा पडद्यापासून ४०० मिमी. मध्यभागी १ अंश म्हणजे ६.९८ मिमी, सुमारे २५ पिक्सेल. या अंतरावर मध्यापासून आडवे ३३ आणि उभे २० अंश हाती येतात. अंधबिंदूला पुरेसं आहे. परिघाला नाही, आणि परीघ या प्रकल्पात घ्यायचाच नाही.

सपाट पडद्यावर अंश सारखे पडत नाहीत. १५.५ अंश म्हणजे ४०० × टॅन १५.५ = ११०.९ मिमी. '१ अंश = ६.९८ मिमी' हा सरळ हिशेब लावला तर १०८.२ मिमी येतात. फरक पावणेतीन मिमी, म्हणजे अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. ३० अंशांवर तोच फरक २१ मिमीच्या पुढे जातो. ठिपक्याचा आकारही बदलतो. तेवढ्याच पिक्सेलचा ठिपका १५.५ अंशांवर त्रिज्येच्या दिशेने ७ टक्के लहान दिसतो, कारण डोळ्यापासूनचं अंतर वाढतं आणि पडदा तिरका पडतो.

कार्यक्रम पायथॉनमध्ये, सायकोपाय (अशा प्रयोगांसाठीची तयार साधनपेटी) वापरून. त्यात 'डेग' हे एकक पडदा सगळीकडे डोळ्यापासून सारख्याच अंतरावर आहे असं धरतं. 'डेग-फ्लॅट-पॉस' फक्त जागा दुरुस्त करतं, 'डेग-फ्लॅट' जागा आणि आकार दोन्ही. पहिल्या मसुद्यात 'डेग' होतं, ते बदलून 'डेग-फ्लॅट' केलं. पडद्यावर पट्टी लावून ५, १०, १५.५, २० अंशांच्या खुणा मोजल्या: ३५.०, ७०.५, १११, १४५.५ मिमी. जुळतं. ही पट्टी लावायची पायरी टाळू नये. मॉनिटरची रुंदी सेटिंगमध्ये चुकीची भरली तरी कार्यक्रम काही तक्रार करत नाही, आकडे मात्र सगळे चुकतात.

११ मे

उजेड. गोल्डमानची पार्श्वभूमी ३१.५ अपॉस्टिल्ब (उजेडाचं जुनं एकक), म्हणजे १० कँडेला प्रति चौरस मीटर. सर्वांत तेजस्वी ठिपका १००० अपॉस्टिल्ब, म्हणजे ३१८ कँडेला.

ल्युमिनन्स मीटर महाग आहे. साध्या लक्समीटरवर काम भागतं. त्याचं तोंड एकसारख्या उजळ पडद्याला अगदी टेकवून धरलं की लक्सचा आकडा म्हणजे कँडेलाचा आकडा गुणिले पाय (π). अपॉस्टिल्बमध्येही तोच पाय आहे, म्हणून टेकवून घेतलेलं लक्सचं वाचन थेट अपॉस्टिल्ब म्हणून वाचता येतं. पार्श्वभूमीवर मीटरने ३१.५ दाखवलं की झालं. फक्त एलसीडी पडदा तिरप्या दिशेने कमी उजेड फेकतो, त्यामुळे मीटर खरा आकडा थोडा कमी दाखवतो. दोन उजेडांचं गुणोत्तर मात्र बरोबर येतं आणि डेसिबलच्या (इथे उजेडाच्या गुणोत्तराच्या) पायऱ्यांना तेवढंच लागतं.

मॉनिटर अर्धा तास तापू दिला. नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, 'मूव्ही' मोड, सगळं बंद. पूर्ण पांढऱ्यावर ७८५ लक्स येईपर्यंत ब्राइटनेस कमी केला, म्हणजे २५० कँडेला. गॅमा (राखाडी आकड्यागणिक उजेड कसा चढतो ते) २.२ धरून काढलेल्या राखाडी पातळ्या (२५५ पैकी): पार्श्वभूमी ५९, आणि गोल्डमानच्या तेजपातळ्यांपैकी वन-ई ८१, टू-ई ११३, थ्री-ई १७६. गोल्डमानचा ठिपका पार्श्वभूमीवर वरून पडतो, म्हणून प्रत्येक पातळीत पार्श्वभूमीचे १० कँडेला धरलेले आहेत. अंक बदलला की ५ डेसिबलची पायरी, अक्षर बदललं की १ डेसिबलची.

गोल्डमानची सर्वांत तेजस्वी पातळी, फोर-ई, आपल्याला मिळत नाही. २५० मधून १० वजा जाता २४० उरतात, आणि ३१८ च्या मानाने ते सव्वा डेसिबल कमी. म्हणून आपला सर्वांत तेजस्वी ठिपका जवळपास फोर-डी. नोंदवहीत त्याला 'फोर-डी' असंच लिहायचं. सोयीसाठी 'फोर-ई' लिहिलं तर पुढे दुसऱ्या यंत्राशी तुलना करताना घोटाळा होणार.

आकाराची अडचण वेगळी. गोल्डमानचा आकार एक म्हणजे ०.११ अंश. आपल्या पडद्यावर ते जेमतेम ३ पिक्सेल होतात आणि असा ठिपका गोल न दिसता चौकोनी दिसतो. आकार तीन (०.४३ अंश) म्हणजे ११ पिक्सेल, नीट गोल. काम आकार तीनवर करायचं. त्याची किंमत अशी की ठिपक्याची पुढची कड बाहेर आली की तो दिसतो, केंद्र अजून आतच असतं. त्यामुळे अंधबिंदू प्रत्येक बाजूने पाव अंशापेक्षा थोडा कमी, ०.२१ अंश, लहान भासतो. हिशेबात ही दुरुस्ती घालायची.

१२ मे

काळ्या पार्श्वभूमीवर एक फेरी मुद्दाम घेतली. ठिपका अंधबिंदूच्या ऐन मध्यावर असतानाही 'काहीतरी उजळतंय' असं उत्तर आलं. कारण समजण्यासारखं आहे. नसेचं तोंड फिकट असतं, त्यावर पडलेला प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो आणि आजूबाजूच्या जिवंत पडद्याला लागतो. अंधारात तेवढी झाक पुरते. १० कँडेलाच्या राखाडी पार्श्वभूमीत ती झाक बुडून जाते. ठिपका फार मोठा (आकार पाच, १.७२ अंश) आणि तेजस्वी घेतला तरी हीच अडचण. इंटरनेटवर सापडणाऱ्या काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्याच्या चाचण्या यामुळेच अंधबिंदू लहान दाखवतात, किंवा दाखवतच नाहीत.

१८ मे

हनुवटीचा आधार. १८ मिमी प्लायवूडचा तळ, दोन उभे एम-१२ आट्याचे रॉड, वर हनुवटीची वाटी, कपाळाला रबराची पट्टी. वाटीची उंची नटांवर बदलते. टेबलाला दोन सी-क्लॅम्प.

आधार का लागतो ते आकड्यांतच दिसतं. डोकं २ सेंमी पुढे सरकलं तर पडद्यावरची तीच १५.५ अंशांची जागा डोळ्याला १६.३ अंशांवर दिसते, म्हणजे पाऊण अंशाची चूक. डोकं ५ अंश कलंडलं तर अंधबिंदू १५.५ × साइन ५ = १.३५ अंश वरखाली जातो. डोळे फिरून यातला थोडाच भाग भरून काढतात. आडव्या रेषेच्या दीड अंश खाली असायला हवा तो कधी रेषेवर, कधी तीन अंश खाली सापडतो. अंधबिंदूची उंची विचित्र आली की आधी कपाळपट्टी बघायची.

दुसरा डोळा पूर्ण झाकलेलाच हवा. दोन्ही डोळे उघडे असले तर एकाच्या खड्ड्यावर दुसऱ्याचं दृश्य बसतं आणि काहीच सापडत नाही. काळ्या पट्टीमागे अधूनमधून सगळं दृश्य फिकं पडतं, अंधुक धुकं आल्यासारखं. पांढऱ्या, उजेड आत येऊ देणाऱ्या पण आकार न दिसणाऱ्या झाकणाने ते कमी होतं. चष्म्याच्या जुन्या फ्रेमला आतून पांढऱ्या टिश्यूचे दोन थर चिकटवले.

चष्मा: ४० सेंमीवर पडदा स्पष्ट दिसायला हवा. वाचायचा चष्मा लागणाऱ्या वयात दूरच्या नंबरावर +२.५० पर्यंत. बायफोकल, प्रोग्रेसिव्ह चालत नाहीत. जाड कडेची छोटी फ्रेम २५ अंशांपलीकडे स्वतःचाच डाग तयार करते. धूसर ठिपका कडेवर उशिरा दिसतो आणि अंधबिंदू फुगतो.

२५ मे

हलण्याचा दर्जा. ६० हर्ट्‌झवर सेकंदाला ३ अंश वेग म्हणजे दर फ्रेमला १.२६ पिक्सेल. २ अंश असेल तर ०.८४. पहिल्या मसुद्यात जागा पूर्णांकात गोल केली जात होती. त्यामुळे २ अंशांवर दर सहा-सात फ्रेमनंतर ठिपका एक फ्रेम थबकत होता. जवळून पाहिलं तर तो सरकत नव्हता, ठेचकाळत होता. हा थबका स्वतःच नजर ओढून घेतो आणि कडेवर खोटं 'दिसलं' देतो. जागा दशांशात ठेवली, ठिपक्याची कड मऊ केली, थबका गेला.

मॉनिटरचं 'ओव्हरड्राइव्ह' (पिक्सेल लवकर बदलायला लावणारी सेटिंग) सर्वांत वर असताना ठिपक्यामागे गडद शेपूट दिसत होती. मधल्या पायरीवर ती नाहीशी झाली.

यंत्राचा उशीर: बटण दाबल्यावर पडदा पांढरा होईपर्यंतचा वेळ फोनच्या २४० फ्रेमच्या चित्रणात मोजला. एक फ्रेम ४.२ मिलिसेकंद. ब्लूटूथ माऊसवर वाचनं एकमेकांशी मेळ खात नव्हती. तारेच्या माऊसवर १४ फ्रेमच्या आसपास स्थिर, सुमारे ५८ मिलिसेकंद. तारेचाच ठेवला. ३ अंश वेगाला हा उशीर ०.१७ अंश.

१ जून

खऱ्या डोळ्याआधी बनावट डोळा. कार्यक्रमात ५.५ × ७.५ अंशांचा लंबवर्तुळ खड्डा, ०.४ सेकंदाचा प्रतिसाद-काळ, आणि त्यावर संपूर्ण चाचणी. चाचणीचं उत्तर आधीच माहीत असल्यामुळे सगळ्या चुका उघड्या पडतात.

मधून बाहेर निघालेला ठिपका कड ओलांडतो, डोळा पाहतो, मेंदू ठरवतो, बोट दाबतं. तोवर ठिपका पुढे गेलेला असतो. वेग गुणिले ०.४ इतका. दोन्ही बाजूंनी धरून रुंदी अशी निघाली:

सेकंदाला १ अंश: ६.३
२ अंश: ७.१
३ अंश: ७.९
५ अंश: ९.५

पाच अंशांच्या वेगावर निरोगी अंधबिंदू जवळपास पावणेदोन पट रुंद दिसतो. एखाद्याला हा आकडा पाहून नसेला सूज आहे असं वाटेल, आणि ती सूज केवळ बोटाच्या उशिराची असेल. हीच रेषा मागे, शून्य वेगापर्यंत नेली तर बरोबर ५.५ वर टेकते. याचा उपयोग खऱ्या डोळ्यावरही होतो: दोन-तीन वेगांवर माप घ्यायचं, रुंदी विरुद्ध वेग अशी रेषा काढायची. शून्यावरचा आकडा म्हणजे खरी रुंदी, आणि चढाचा निम्मा भाग म्हणजे त्या माणसाचा एकूण उशीर.

दुसरा मार्ग प्रतिसाद-रेषांचा. पूर्ण दिसणाऱ्या भागात त्याच वेगाचा ठिपका अचानक सुरू करायचा आणि सुरुवातीपासून बटणापर्यंतचा वेळ मोजायचा. आजची अर्धस्वयंचलित यंत्रं हेच करतात. हे करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. ठिपका अंधबिंदूच्या जवळपासच्याच अंशांवर हवा, कारण मध्यावर प्रतिसाद लवकर येतो. आणि सरासरीऐवजी मध्यक घ्यायचा, कारण एखादी डुलकी सरासरी बिघडवते. अचानक उगवलेला ठिपका हळूच कडेतून डोकावणाऱ्या ठिपक्यापेक्षा लवकर जाणवतो, म्हणून या मार्गाने दुरुस्ती किंचित कमी पडते. दोन्ही मार्ग ठेवायचे.

बाहेरून आत नेत 'कधी गायब झाला' विचारण्याचा मोह होतो, कारण आत-बाहेरची सरासरी काढली की उशीर आपोआप कटतो. करायचं नाही. गायब झाल्याची खात्री पटायला माणूस थांबतो आणि तो थांबा दर वेळी वेगळा असतो. दिसू लागण्याचा क्षण तुलनेने ठाम असतो.

२ जून

डाव्या डोळ्याच्या आलेखात नाकाची आणि कानशिलाची बाजू उलटी. आडवी जागा उलटवली होती, दिशांचे कोन उलटवायचे राहिले होते. बनावट खड्डा दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे काल हे दिसलंच नाही. आता बनावट खड्ड्याला वरच्या कानशिलाच्या बाजूला एक मुद्दाम फुगवटा दिला आहे.

८ जून

चाचणीचा क्रम पक्का:

१. रेघ: आडव्या रेषेच्या १.५ अंश खाली ठिपका २५ अंशांवरून ८ अंशांपर्यंत, मग उलट. खड्ड्याचा अंदाजे मध्य मिळतो.
२. त्या मध्यातून ८ दिशांना, ४५ अंशांच्या फरकाने, प्रत्येकी दोनदा, क्रम मिसळलेला. वेग सेकंदाला २ अंश.
३. मधूनमधून ६ प्रतिसाद-रेषा आणि ४ रिकाम्या (ठिपका न दाखवता घेतलेल्या) फेऱ्या.
४. प्रत्येक फेरीआधी ०.८ ते २.५ सेकंद कमीजास्त थांबा.

रेघ सोडून एकूण २६ फेऱ्या, एका डोळ्याला दोन मिनिटांच्या आत.

थांबा ठरावीक ठेवला तर बोट तालात पडतं. मध्य चुकीचा घेतला तर ठिपका कडेला तिरका भिडतो आणि त्या बाजूची वाचनं विखुरतात. अशा वेळी आठ कडांवरून मध्य नव्याने काढून दुसरी फेरी त्या मध्यातून घ्यायची. रिकाम्या चारपैकी दोन फेऱ्यांत बटण दाबलं गेलं तर ते माप टाकून द्यायचं.

सूचना शब्दशः: "नजर फुलीवरच ठेवा. ठिपका शोधायला जाऊ नका, तो बाजूलाच दिसेल. दिसल्यासारखा वाटला की लगेच दाबा, खात्रीची वाट पाहू नका." शेवटचं वाक्य गाळलं की उशीर वाढतो.

१५ जून

नजरेवर पहारा. गोल्डमानच्या यंत्रात तपासणारा मागच्या दुर्बिणीतून डोळा सतत पाहत असतो. इथे मॉनिटरखाली वेबकॅम आणि दुसऱ्या लॅपटॉपवर डोळ्याचं मोठं चित्र. डोळा अंशभर सरकला तर सगळा खड्डा अंशभर सरकतो, आकार तसाच राहून. म्हणून माप बरोबर आणि जागा चुकीची आली तर दोष नजरेचा, आणि जागा बरोबर पण माप फुगलेलं आलं तर दोष वेगाचा, उशिराचा किंवा चष्म्याचा. ही खूण फार उपयोगी पडते.

कड सापडल्यावर ऐन मध्यावर स्थिर ठिपका क्षणभर चमकवायचा. दिसला तर नजर हललेली आहे. स्थिर ठिपक्यांच्या यंत्रांत नजर तपासायची हीच रीत आहे, पण ती कड माहीत झाल्यावरच वापरता येते.

बारीक फुलीकडे फार वेळ पाहिलं की ती विरते. वर्तुळात फुली ठेवली आणि प्रत्येक फेरीनंतर पापणी मिटायला सांगितलं.

२२ जून

खरा डोळा, उजवा, थ्री-टू-ई (आकार तीन, पातळी टू-ई). तीन वेगांवरून शून्यापर्यंत नेलेली रुंदी, ठिपक्याच्या आकाराची दुरुस्ती घालून, साडेपाच अंशांच्या आसपास. मध्य १५ ते १६ अंशांच्या दरम्यान, रेषेच्या खाली. आडव्या दोन्ही कडांवर दोन वाचनं एकमेकांपासून अर्ध्या अंशात.

वरची आणि खालची कड मात्र ऐकत नाही. तिथे वाचनं अंशभर विखुरतात. एक अंश वेगाने, ४५ ऐवजी १५ अंशांच्या फरकाने दिशा घेतल्या तेव्हा कारण दिसलं: खड्ड्याच्या वरच्या टोकातून एक अरुंद शिंग बाहेर येतं, खालूनही एक. नसेच्या तोंडातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या वर आणि खाली कमानीने जातात आणि आपल्याखालच्या, डोळ्यातल्या पडद्यावर सावली धरतात. त्यांचाच हा ठसा. आकार तीनचा ठिपका या सावलीपेक्षा फार बारीक नाही, म्हणून कधी तिच्यात बुडतो, कधी नाही. हा विखुर चूक समजून गुळगुळीत करू नये. आलेखात लंबवर्तुळ बसवायचं असेल तर आडव्या आणि तिरप्या दिशा घ्याव्यात, उभ्या वेगळ्या ठेवाव्यात.

२९ जून

पडताळा दुसऱ्या साधनावर. १ मीटर अंतरावर काळ्या फेल्टचा पडदा, काळ्या काठीच्या टोकाला ५ मिमीचा पांढरा मणी, कडेला टाचणी. मॉनिटरच्या आधी कित्येक दशकं हीच रीत होती, आणि कोपनहेगनचे नेत्रतज्ज्ञ येनिक ब्येरुम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचबिंदूतला कमानदार डाग अशाच सपाट पडद्यावर दाखवला. १ मीटरवर अंधबिंदूचा मध्य २७.७ सेंमीवर येतो. टाचण्यांमधलं आडवं अंतर टॅनच्या हिशेबाने अंशात बदललं. मॉनिटरच्या आकड्याशी अर्ध्या अंशात जुळलं. हाताचा वेग सारखा राहत नाही, पण मणी फार हळू नेता येतो, आणि हळू वेगाला उशिराची दुरुस्ती जवळजवळ लागतच नाही.

६ जुलै

वापराची चौकट. कुणाचाही आलेख छापताना त्यावर पडद्याचं अंतर, ठिपक्याचा आकार आणि पातळी, वेग, मोजलेला उशीर, दुरुस्ती केली की नाही, आणि रिकाम्या फेऱ्यांतली दाबणी, एवढं असलंच पाहिजे. त्याच डोळ्याचं पुढचं माप त्याच वेगावर, त्याच ठिपक्यावर.

डोक्यातला दाब वाढून नसेच्या तोंडाला सूज आली की अंधबिंदू मोठा होतो. त्यातला काही भाग डोळ्यातला पडदा उचलला गेल्यामुळे आलेल्या धूसरपणाचा असतो आणि अधिक (+) नंबराच्या भिंगाने कमी होतो. म्हणून दुरुस्त केलेलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलेलं माप ठरलेल्या मापापेक्षा स्पष्ट मोठं आलं, तर भिंग बदलून एक फेरी घ्यायची आणि माणसाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं. सोबत डोकेदुखी, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी किंवा एकाचे दोन दिसणं असेल तर भिंगाची फेरीही न घेता, त्याच दिवशी.

१३ जुलै

उरलेलं काम: १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर पिक्सेल अधिक दाट असतील तर आकार एकचा ठिपका जमतो का ते पाहणं, म्हणजे ०.११ अंशांना साधारण ६ पिक्सेल मिळायला हवेत. ४०० मिमीवर त्यासाठी एक पिक्सेल ०.१३ मिमीचा लागतो. २४ इंचात ४-के पडद्याचा पिक्सेल ०.१३८ मिमी, म्हणजे साडेपाच. तो मागवला आहे. गॅमा आणि उशीर दोन्ही नव्याने मोजायचे.